मोंढ्यातला भाव आणि मापुटोतला करार

जानेवारीत लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, सकाळी तुरीचे ढीग लागतात. सौद्याआधी आडत्या ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर चोळतो, एखादा दाताखाली फोडून ओल बघतो आणि मग खिशातला फोन काढतो. फोनवर चेन्नई आणि मुंबई बंदरातल्या 'लेमन' तुरीचा भाव आलेला असतो. लेमन म्हणजे म्यानमारहून येणारी तूर. मोंढ्यात तिला अजूनही 'बर्माचा माल' म्हणतात. औशाचा किंवा निलंग्याचा शेतकरी जो भाव पदरात घेऊन गावी परततो, त्यावर त्या फोनमधल्या आकड्याची छाया असते. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पानावर मात्र एवढेच छापून येते : 'आवक वाढल्याने तुरीच्या दरात घसरण.'

हे वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षे लिहिले. ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते. राहिलेल्या अर्ध्याची किंमत वाचणाऱ्याने मोजली.

मध्यंतरी औसा तालुक्यातल्या एका मुलीने मला विचारले, "सर, पुढं पत्रकारितेत एम. ए. करू का आंतरराष्ट्रीय संबंधात? मला दोन्ही करायचंय. पण वडील म्हणायलेत, एकच काहीतरी नीट कर." मी तिला म्हणालो, दोन्ही कर, आणि एकाच वेळी कर. मी असे का म्हणालो ते इथे सविस्तर मांडतो. कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. मराठवाड्यात पत्रकार घडवायचा असेल तर त्याला पत्रकारिता आणि आंतरराष्ट्रीय संबंध या दोन विषयांचे पुरे, पदव्युत्तर शिक्षण मिळाले पाहिजे आणि ते इथल्या विद्यापीठात, मराठीतून मिळाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तुरीचेच घ्या. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकची राजधानी मापुटोला गेले होते. तिथे डाळींच्या आयातीचा सामंजस्य करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन आणि पाच वर्षांत दोन लाख टनांपर्यंत, असे त्याचे स्वरूप होते. त्या वेळी देशात डाळ महाग होती, त्यामुळे कराराला कुणी नावे ठेवली नाहीत. त्याच पावसाळ्यात मराठवाड्यात चांगला पाऊस झाला, तूर अमाप पिकली आणि २०१७ च्या सुरुवातीला बाजार ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. बारदाना संपला म्हणून मापे थांबली, माणसे पोत्यांवर झोपली. आम्ही पत्रकारांनी बारदान्याच्या बातम्या भरपूर दिल्या. त्या द्यायलाच हव्या होत्या.

पुढे ५ ऑगस्ट २०१७ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. 'आयातीला लगाम' अशी बातमी झाली. त्या अधिसूचनेत आणखी एक ओळ होती : सरकारने दुसऱ्या देशांशी केलेल्या करारांतून येणाऱ्या मालाला ही मर्यादा लागू नाही. म्हणजे मोझांबिकची तूर या लगामाबाहेर होती. अधिसूचना दोन पानांचीसुद्धा नसेल. पण त्या ओळीचा अर्थ लावायला मापुटोतला करार ठाऊक हवा, सरकारने सरकारला दिलेला शब्द सहजासहजी मोडता येत नाही हे कळायला हवे आणि आफ्रिकेशी मैत्री राखण्यात दिल्लीला कोणता रस आहे याचीही जाण हवी. ही जाण वार्ताहराला नसेल, तर शेतकऱ्याला ती कुठून येणार?

सोयाबीनची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला मुभा दिली. कोंबड्यांचे खाद्य महागल्याने पोल्ट्रीवाले ती मागत होते. नवे पीक मोंढ्यात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. गावोगावच्या घरांत मात्र दहा हजारांची आठवण मुक्कामाला राहिली. माणसांनी सोयाबीन थप्पी लावून ठेवले, एक हंगाम, दुसरा हंगाम. सोसायटीचे कर्ज थकले, खासगी सावकाराचे व्याज चढत गेले. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्याही खाली होता. या सगळ्या काळात गावातल्या फोनवर 'सोयाबीन पुन्हा उसळणार' अशा ठळक अक्षरांचे व्हिडिओ फिरत होते. जिथे पत्रकार माहिती देत नाही, तिथे अफवा बस्तान बसवते.

सोयाबीनच्या दाण्यात तेल असते सुमारे १८ टक्के. बाकीचा बहुतेक भाग पेंडीचा. म्हणून सोयाबीनचा भाव तेलाइतकाच पेंडीवरही ठरतो, आणि पेंडीचा भाव ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका यांच्या पिकावर. तेलाच्या बाजूला पामतेल असते, आणि मलेशिया त्याचा मोठा विक्रेता. मलेशियाच्या पंतप्रधानांनी सप्टेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर भारताविरुद्ध भाषण केले आणि ८ जानेवारी २०२० रोजी भारताने शुद्ध पामतेलाची आयात 'निर्बंधित' यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय ती करता येईना. सरकारने या दोन गोष्टी अधिकृतपणे जोडल्या नाहीत, पण व्यापारात सगळ्यांनी जोडल्या. न्यूयॉर्कमधल्या एका भाषणाचे धागे लातूरच्या तेलगिरण्यांपर्यंत येतात ते असे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, त्याच महिन्यात आपल्याकडे कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. परभणी-जालन्याकडे कापसाची वेचणी सुरू होते ती नेमकी दसरा-दिवाळीत.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका दैनिकात असताना सोयाबीनच्या बातमीत अर्जेंटिनातल्या दुष्काळाचे चार ओळींचे स्पष्टीकरण जोडले होते. डेस्कवर ते कापले गेले. कारण सांगितले गेले, "आपल्या वाचकाला अर्जेंटिनाशी काय करायचंय?" मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. मनात होते, पण मुद्देसूद सांगता येत नव्हते, कारण माझे स्वतःचे शिक्षण त्या विषयात झालेले नव्हते. इकडून-तिकडून वाचून गोळा केलेल्या माहितीवर वरिष्ठांशी वाद घालायला बळ येत नाही. ही उणीव पुढच्या पिढीत राहू नये, या तळमळीतून मी हे लिहीत आहे.

बाजारभाव सोडून ऊसतोड कामगारांच्या बीडकडे बघू. कोयता, उचल, मुकादम, फड हे शब्द तिथल्या पोरांना आईच्या दुधाबरोबर मिळतात. ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्याने समिती नेमली, आणि पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हे भयंकर होते आणि माध्यमांनी ते मांडले. पण आपली बहुतेक चर्चा डॉक्टर, मुकादम आणि कारखाना यांच्यापाशी थांबली. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' ही अमेरिकी वृत्तसंस्था यांनी उसाच्या फडापासून जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांच्या साखर खरेदीपर्यंतची साखळी जोडून दाखवली. मग प्रश्न उभा राहिला की, सक्तीचे श्रम आमच्या मालात नाहीत असे जाहीर करणाऱ्या कंपन्या उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाच्या, कर्जात अडकलेल्या जोडप्याबद्दल काय म्हणणार? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सक्तीच्या श्रमांविषयीचा करार १९३० चा आहे आणि भारताने त्याला १९५४ मध्ये मान्यता दिली आहे. उचल घेऊन गाव सोडणारे कुटुंब त्या कराराच्या कक्षेत येते का, हा प्रश्न बीडच्या पत्रकाराने सर्वांत आधी विचारायला हवा होता. पण त्याला फड ठाऊक होता आणि तो करार कुणी शिकवला नव्हता.

दुष्काळ पडला, लातूरला रेल्वेने पाणी आले, आत्महत्या वाढल्या की बाहेरचे पत्रकार येतात. आपला एखादा होतकरू मुलगा त्यांना गाडी ठरवून देतो, वाट दाखवतो, विधवेचे बोलणे भाषांतर करून सांगतो, तिच्याशी बोलायची परवानगीसुद्धा त्याच्याच शब्दावर मिळते. त्याला या धंद्यात 'फिक्सर' म्हणतात. बातमीवर नाव येते दुसऱ्याचे. त्या मुलात नजर आहे, ओळखी आहेत, भाषा आहे. फक्त गावातल्या त्या दुःखाचे जगाशी नाते कुठे जुळते, हे मांडायची तालीम त्याला मिळालेली नाही. मला याचे फार वाईट वाटते.

'आधी गल्लीतली बातमी नीट द्या, मग जगाच्या गप्पा मारा,' असे माझे काही मित्र म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तलाठ्याकडे अडलेला फेरफार आणि तालुक्याच्या दवाखान्यात नसलेली सापाची लस ही पत्रकारितेची पहिली कामे आहेत. पण मी सांगितलेली एकही बातमी गल्लीबाहेरची नाही. ती मोंढ्याची, फडाची, घरातल्या थप्पीची आहे. २१ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणे थांबवले, तेव्हा ती बातमी नांदेडचीही होती, कारण हुजूर साहिबच्या दर्शनाला शीख भाविक जगभरातून येतात.

खरे तर मराठवाड्याला ही गोष्ट शिकवावी लागू नये. हैदराबादचा प्रश्न निजामाने २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेला. परिषदेने तो १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये चर्चेला घेतला. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने हार मानली. तोच आपला मुक्तिदिन. त्या धामधुमीत लंडनच्या एका बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर निजामाचे दहा लाख पौंड गेले, आणि त्या पैशाचा निकाल लंडनच्या न्यायालयात लागायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. तोवर ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, हुतात्म्यांची नावे घेतो. पण मराठवाडा मुक्त होत होता तेव्हा पॅरिसमध्ये त्याच्यावर चर्चा चालू होती, हे किती शाळांत सांगितले जाते? आणि निजामाची तक्रार परिषदेकडे गेली त्याच दिवसांत हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा रझाकारांनी खून केला. लिहिणारा हातच त्यांनी तोडला. भारतात विलीनीकरणाची बाजू मांडणारी लेखणी निजामाच्या राजधानीतून चालत होती, आणि तिची धास्ती जगाच्या व्यासपीठावर न्याय मागणाऱ्या राजवटीच्या पाठीराख्यांना होती. आपल्या भूमीत पत्रकारिता आणि आंतरराष्ट्रीय राजकारण यांची गाठ अशी रक्ताने पडलेली आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्याच विद्यापीठात आदल्याच वर्षी पत्रकारितेची शाळा सुरू झाली होती. बाबासाहेबांचा विषय अर्थशास्त्र होता. पण परत आल्यावर ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढले आणि त्याच वर्षी अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडन गाठले. अभ्यास आणि वृत्तपत्र यांत त्यांनी कधी एकच निवडले नाही. १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे सांगितली, त्यांत परराष्ट्र धोरणही होते. अस्पृश्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या माणसाला परराष्ट्र धोरण आपल्या कक्षेबाहेरचे वाटले नाही. आज त्याच कोलंबियात पत्रकारिता आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार या दोन पदव्युत्तर पदव्या जोडीने घेता येतात. न्यूयॉर्क विद्यापीठातही हे दोन विषय जोडून शिकता येतात. युरोपात डेन्मार्कच्या आरहूसपासून सुरू होणारा पत्रकारिता आणि जागतिकीकरणाचा अभ्यासक्रम आहे. ज्यांना जाता येईल त्यांनी जरूर जावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा आहेत. त्यांत पत्रकारितेसाठी अर्ज करणारी मराठवाड्यातली मुले वाढावीत.

पण माझा जीव अडकला आहे तो न जाऊ शकणाऱ्यांत. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला मान्यता दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात, फक्त तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत. किंवा एक वर्गात आणि दुसरी दूरस्थ. संभाजीनगरच्या विद्यापीठात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पत्रकारितेचे आणि सामाजिक शास्त्रांचे शिक्षण एकाच आवारात होते. म्हणजे नवी इमारत नको, नवे पद नको.

दोन पदव्या एकापाठोपाठ घेतल्या तर चार वर्षे जातात, एकत्र घेतल्या तर दोन. शहरातल्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. औशाच्या मुलीला ती दोन वर्षे म्हणजे घरात येणाऱ्या स्थळांना रोज द्यावे लागणारे उत्तर असते. मुलाला ती दोन वर्षे म्हणजे वडिलांनी एकट्याने ओढलेले दोन हंगाम असतात.

मग एकाच पदवीत दुसऱ्या विषयाचा एक पेपर का घालू नये, असे विचारले जाते. तसे पेपर आजही असतात. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला आंतरराष्ट्रीय घडामोडींचा एक पेपर म्हणजे गेल्या वर्षभरातल्या शिखर परिषदांची यादी पाठ करायला लावणे, असे मी पाहिले आहे. उलट आंतरराष्ट्रीय संबंध शिकणारी आपली बहुतेक मुले स्पर्धा परीक्षेच्या गाइडातून शिकतात : अलिप्ततावादाची पाच वैशिष्ट्ये, शीतयुद्धाची सहा कारणे. त्यांना कराराची मूळ प्रत कुणी हातात देत नाही. एका विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येतो पण कागद कुठे शोधायचा ते माहीत नाही. दुसऱ्याला कागदाचे नाव माहीत आहे पण त्यातून बातमी काढता येत नाही. एका पेपराने ही दरी भरत नाही. त्यासाठी दोन वर्षे दोन्हीकडच्या प्राध्यापकांसमोर बसावे लागते, दोन्हीकडचा प्रबंध लिहावा लागतो. प्रबंधाचा विषय मात्र एकच असावा असे मला वाटते. उदाहरणार्थ, जालन्याच्या पोलाद कारखान्यांत वितळणारे भंगार कोणकोणत्या देशांतून येते आणि तिकडच्या निर्णयांनी इथल्या कामगाराची पाळी कशी बदलते.

आणि हे मराठीतून व्हावे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले. मराठी बोलणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीला ती भाषा लादलेली होती, तो सल खरा आहे. पण विज्ञान, कायदा, वैद्यक हे सारे देशी भाषेत शिकवता येते, हेही तिथेच सिद्ध झाले. अधिसूचना इंग्रजीत वाचावी लागेल, तेवढे इंग्रजी यायलाच हवे. ती समजावून सांगायची मराठी मात्र वर्गातच घडली पाहिजे, नाहीतर विद्यार्थी 'टॅरिफ रॅशनलायझेशन' असे लिहून मोकळा होतो आणि वाचक पान उलटतो. अरुण साधूंनी चीन, क्यूबा यांच्यावर मराठीत लिहिले ते विदर्भातल्या परतवाड्याच्या मुलालाही वाचता येईल असे. ते जमले, कारण ते पत्रकार होते आणि त्यांचा त्या विषयाचा अभ्यास खोल होता.

नोकरीचे काय, हा वडिलांचा प्रश्न मी टाळणार नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारे मानधन सांगायला लाज वाटावी असे असते. बरेच जण जाहिरातीच्या कमिशनवर जगतात. दोन पदव्यांनी हे बदलेल अशी हमी मी देऊ शकत नाही. पण ज्याला तूर, सोयाबीन, कापूस यांचे जगातले व्यवहार समजतात आणि ते दोन भाषांत लिहिता येतात, तो एकाच मालकाच्या मर्जीवर राहत नाही. वृत्तसंस्था, शेतमालाच्या बाजाराचे वृत्तांकन, संशोधन संस्था, स्वतःचे पोर्टल असे मार्ग त्याच्यापुढे असतात. आज गावातले जाहिरातदार ठरवतात की काय छापायचे नाही. त्यांच्या तावडीतून सुटायला पत्रकाराजवळ विकण्यासारखे ज्ञान असणे हाही एक उपाय आहे.

मे महिन्यात मी त्या मुलीच्या घरी गेलो होतो. ओसरीवर तुरीची बारा पोती होती. चहा झाल्यावर वडिलांनी माझ्याकडे न बघता पोत्यांकडे बघत विचारले, "काय करावं हो सर? ठेवावी का काढावी?" मी बोलायच्या आत मुलीने फोनवर अधिसूचना उघडली, तुरीच्या खुल्या आयातीची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे ते वाचले, ती पुन्हा वाढली तर काय होईल ते त्यांना सांगितले आणि बर्मातली तूर साधारण कधी बंदरात लागते तेही सांगितले. "भाव वाढेल का नाही ते मला सांगता येणार नाही, बाबा. पण वाढू न देणारी कारणं किती आहेत, ते हे बघा." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा काढू. सहा राहू दे." प्रवेशाचे पुन्हा काही विचारले नाही, फॉर्मला किती पैसे लागतात, तेवढे विचारले.

तिने चौकशी केली त्या ठिकाणी दोन्ही विषयांचे मुख्य तास गेल्या वर्षी सकाळी साडेअकरालाच होते. दोन्ही वेळापत्रकांचे फोटो तिने मला पाठवले आहेत. दोन्ही विभागांच्या मध्ये एक चिंचेचे झाड आणि सायकल स्टँड आहे. एकाने आपला तास दुपारी दोनला नेला, तर येत्या जूनपासून सुरुवात होऊ शकते.